वाकळ उसवू नये

मी जगदेवी मलप्पा धनुरे, वय बाहत्तर, अविवाहित, निवृत्त शिवण शिक्षिका, राहणार लातूर, हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. डाव्या डोळ्याने कमी दिसते, पण सुईत दोरा अजून माझा मीच ओवते. मला कोणी लिहायला बसवलेले नाही. उलट वकिलांकडे जाताना दवाखान्यात जाते असे घरच्यांना सांगून निघाले. प्रत्येक पानाखाली माझी सही आहे. सही नसलेले पान निघाले तर ते माझे नाही.

१. मागच्या मार्गशीर्षात मी एक मृत्युपत्र केले होते. ते रद्द समजावे. त्यात घरातली वाकळ माझ्याबरोबर समाधीत ठेवावी, कोणाला देऊ नये, असे लिहिले होते. ते रद्द का केले हे पुढे येईल.

२. डाळमिलच्या मागच्या गल्लीतील माझे दोन खोल्यांचे घर माझी थोरली बहीण कै. सिद्धम्मा हिचा मुलगा रुद्रेश याला द्यावे. धाकटा भाऊ संगप्पा याचे स्वतःचे घर आहे, दुकान आहे. तो म्हणेल की जगाक्काने मला तोंडी कबूल केले होते. मी काहीही कबूल केलेले नाही.

कपाटाचे कुलूप माझ्यामागे वकिलांसमोर उघडावे. सिद्धम्मा गेल्यावर तिच्या शिवगणाराधनेच्या दिवशी संगप्पाने कपाटाच्या किल्ल्या दुपारभर स्वतःजवळ ठेवल्या होत्या. विचारले तर म्हणाला, पंगतीसाठी ताटे काढायची होती. ताटे स्वयंपाकघरात असतात. त्या दिवसापासून किल्ल्या माझ्या कमरेला आहेत.

३. बँकेत जे असेल त्यातून माझे शेवटचे कार्य साधेपणाने करावे. उरेल ते जळकोटला मी जिथे नोकरी केली त्या शाळेतील मुलींच्या शिवण वर्गाला द्यावे. पायमशीनही तिकडेच द्यावी. मोठी कात्री मात्र संगप्पाच्या घरी कधीही जाऊ देऊ नये. एकदा नेली होती, ती पत्रा कापून परत आली.

४. आता वाकळ. ती मी आणि सिद्धम्माने मिळून शिवली. आमच्या घरात आईपासूनची पद्धत अशी की माणूस गेले की त्याच्या अंगावर वापरलेल्या कापडाचा एक तुकडा वाकळीत घालायचा. मशीन लावायची नाही. अक्का एका बाजूने धावदोरा घालत यायची, मी समोरून. मधे आमचे दोरे मिळायचे. दोरा संपला की गाठ मारायची नाही, तीन उलटे टाके घालून टोक आत दडवायचे. गाठ झोपणाऱ्याला टोचते, असे आई सांगायची. दोन वर्षांपूर्वी अक्का लिंगैक्य झाली. तिच्या निळ्या लुगड्याचा तुकडा मी एकटीने लावला. समोर कोणी नव्हते, म्हणून उठून दुसऱ्या बाजूला जाऊन बसले आणि तिकडूनही मीच शिवत आले.

त्यानंतर संगप्पा आला. सोबत बायको होती. रुद्रेश आणि त्याची बायकोही तेव्हा बसलेली होती.

"जगाक्का, त्या वाकळीचं काय करणार हायस? बार्शी रोडला एक बाई जुन्या साड्यांच्या उशा शिवून देती. तुकडे करू. सगळ्याच्या घरात आठवण राहील."

मी म्हणाले, "ती कापायची न्हाई."

"अगं, सगळ्यांची हाय म्हणूनच वाटून घेऊ म्हणतोय. का आता वाकळीचा सातबारा काढतीस?"

सगळे हसले. मी चहा ठेवायला उठले. परत आले तेव्हा संगप्पाची बायको आईच्या इरकलीच्या काठावर बोट फिरवत होती. कोणता तुकडा कोणाकडे जायचा हे त्यांनी घरूनच ठरवून आणले होते, असे माझे मत आहे. जुन्या बायका वाकळीत सोन्याचा मणी शिवून ठेवतात, हेही संगप्पाने त्या दिवशी रुद्रेशच्या बायकोसमोर, म्हणजे अक्षरासमोर, दोनदा सांगितले. आमच्या वाकळीत सोने नाही. हे मी शपथेवर लिहिते.

५. गेल्या दिवाळीआधी अक्षराने वाकळ उन्हाला घालते म्हणून तिच्या गच्चीवर नेली. एका दिवसाचे काम होते. तिने आठ दिवस ठेवली. परत आली तेव्हा मी ती चारही बाजूंनी हाताने चाचपली. अक्काच्या निळ्या तुकड्याशेजारी बोटाला गाठ लागली. वीतभर शिवण नवी होती, टाके लांबट आणि वाकडे. अक्षरा क्लासमध्ये मुलांना जीवशास्त्र शिकवते. तिला बटण लावण्यापुरते शिवता येते.

संगप्पाच्या सोन्याच्या मण्याच्या गोष्टीने तेव्हा माझ्याही मनात शंका घातली. पुढे ती येईल तेव्हा मी आधी तिचे कान आणि गळा पाहायची. नवीन काही दिसले नाही. पण लगेच अंगावर कोण घालील, असेही मनात यायचे. त्याच संशयावर मी मार्गशीर्षातले मृत्युपत्र केले.

६. संक्रांतीला ती तिळगूळ द्यायला एकटी आली. मी दार लावले आणि वाकळ तिच्यासमोर पसरली.

"ही गाठ कोणाची?"

"माझी."

"काय काढलंस यातनं?"

"काढलं न्हाई, मावशी. ठेवलंय."

काय ठेवले ते सांगेना. "उसवा तुम्हीच," म्हणाली. मी उसवले. आत चौघडी घालून पिवळे झबले ठेवलेले होते.

मागच्या श्रावणात अक्षराला मुलगी झाली, ती गेलेलीच जन्मली. नाव ठेवले नाही, कार्य केले नाही. रुद्रेश दोन माणसांबरोबर तिला घेऊन गेला, येऊन अंघोळ केली आणि त्यानंतर घरात तो विषय कोणी काढला नाही. हे झबले मी आषाढातच तिच्या कपाटात पाहिले होते. मूल जन्मायच्या आधी कापड शिवून ठेवू नये, असे आमच्यात मानतात. मूल गेल्यावर मी संगप्पाच्या बायकोला म्हणाले, "आधीच शिवून ठेवलं होतं, मग काय व्हायचं?" आतल्या खोलीत अक्षराला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले. हे वाक्य माझे आहे. दुसऱ्या कोणाच्या नावावर ते घातले जात असेल तर ते चूक आहे.

"मला न विचारता ठेवलंस?"

"विचारलं असतं तर हो म्हणला असता का?"

"न्हाई."

मग मी तिला पद्धत सांगितली, की वाकळीत अंगावरचे कापड जाते. कोरे जात नाही.

"कोरं न्हाई ते," ती म्हणाली. "नेण्याआधी घातलं होतं तिला. नर्सबाईंनी घालू दिलं. मग काढून माझ्या हातात दिलं."

मी तेवढ्यावर विश्वास ठेवला नाही. झबले खिडकीशी नेऊन पाहिले. बंदांवर बांधून सोडल्याच्या चुण्या होत्या. आयुष्यभर मुलींची शिवण तपासली आहे, त्यामुळे त्यात माझी चूक होत नाही.

झबले परत जागेवर ठेवून मी शिवायला घेतले. तिला समोर बसवले. शेवटचे टाके तिला दिले, तीन उलटे टाके कसे घालायचे ते दोनदा दाखवले. तिने तरी गाठच मारली. ती राहू दिली आहे.

ती जाताना मी विचारले, "हे मृत्युपत्रात लिहू का?"

"मोठ्यानं वाचतात का ते?"

"वाचतात. सगळ्यांसमोर."

"मग लिहा."

७. वाकळ अक्षरा रुद्रेश कोरे हिला एकटीला द्यावी. ती रुद्रेशची नाही, दोघांची मिळून नाही. संगप्पा व त्याच्या घरच्यांनी ती मोजू नये, कापू नये, पाहायला म्हणूनही नेऊ नये. अक्षरानेही पुढे ती कोणाला दिल्यास अख्खी द्यावी. कोणी उसवू नये.

८. हे मृत्युपत्र वाचण्याचे काम रुद्रेशने करावे. त्याने कलम सहा गाळून पुढे जाऊ नये, म्हणून मृत्युपत्राची दुसरी प्रत वकिलांनी हातात धरून शेजारी बसावे. त्याला मधे थांबावे लागले तर थांबू द्यावे, पण पुन्हा तिथूनच वाचायला लावावे.

परिशिष्ट. वाकळीतील कापडे, कडेपासून आत, ओळखीसाठी:
आजोबांचा पटका.
वडील मलप्पा यांचे धोतर.
आईची हिरवी इरकल, काठासह.
सिद्धम्माचे यजमान यांचा खाकी सदरा.
सिद्धम्माचे निळे लुगडे.
रुद्रेश व अक्षरा यांच्या मुलीचे पिवळे झबले. एकदा वापरलेले.

वरील सर्व मी लिहिले, वाचले आणि दोन्ही साक्षीदारांच्या देखत सही केली. त्यांनी माझ्या देखत सही केली. दोघांचेही आमच्या घरात येणे-जाणे नाही, म्हणूनच त्यांना बोलावले.

सही: जगदेवी मलप्पा धनुरे

साक्षीदार:
१. ॲड. मृत्युंजय स्वामी, लातूर
२. सोमेश हुडगे, औषध दुकानदार, लातूर

ठिकाण: लातूर
दिनांक: १७ फेब्रुवारी २०२५