चार मिनिटांचं काम

३ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

तुझं पत्र नाही, पण आईचं आलं. न्हाणीघराचं दार पुन्हा बिघडलंय म्हणे. पुरतं लागलं की आतली मूठ नुसती गरगर फिरते, बाहेरून कोणी उघडल्याशिवाय सुटका नाही. मागच्या आठवड्यात अर्धा तास आत अडकली होती. तू दुकानातून आलास, दार उघडलंस आणि वर खो खो हसलास, असंही तिने लिहिलंय. अरे, गावभर लोकांची कुलपं उघडत हिंडणारा चावीवाला तू, आणि घरात आईला कोंडून ठेवतोस? रविवारी कॅरमला पळायच्या आधी दहा मिनिटं काढ.

मी मोठी शहाणी लागून गेले नाही. माझ्या मशीनवर बटणं तुटलेल्या शर्टांचा ढीग पडलाय आणि ह्यांनी काल पिन लावून ऑफिस गाठलं. आळस आपल्या घराण्यातच आहे. पण बटणापायी कोणी कोंडलं जात नाही. आई सत्तरीला आली, मला खरंच काळजी वाटते. काम झालं की कळव, नाहीतर दर आठवड्याला एक पत्र येईल. मार्चमध्ये आठ दिवस येतेय.

लोभ आहेच, तो टिकवायचा तर जरा हात चालव.
तुझी,
ताई

२० फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझी तीन पत्रं मिळाली, तिन्हींत तीच टकळी. पोस्टमन आता माझ्याकडे गुन्हेगाराकडे बघावं तसं बघतो. सहा दिवस लोकांच्या कुलपांत डोकं घातल्यावर सातव्या दिवशी स्क्रू-ड्रायव्हर हातात धरवत नाही गं. रविवार क्लबाचा. माझा जोडीदार शिंपी आहे, पण सोंगटी अशी घेतो की समोरचे नुसते बघत राहतात. यंदा आम्ही अंतिम फेरी गाठणार.

आई मजेत आहे. रेडिओ इतका मोठ्याने लावते की शेजाऱ्यांना वेगळा घ्यायची गरज नाही. पायरीवर बसून भाजी निवडते आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला माझ्या आळसाच्या गोष्टी सांगते.

आणि हो, दार दुरुस्त केलं. कालच. झालं समाधान?

तुझा लोभ असू दे, फक्त दाराचा विषय पुरे.
तुझा,
धाकटा

१५ मार्च

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

काल सुखरूप पोहोचले. इथे सगळं जिथल्या तिथे आहे, म्हणजे पसारा. बटणांचा ढीग वाढलाय.

आठ दिवस कसे गेले कळलं नाही. तू मला कामाला हात लावू दिला नाहीस, म्हणून निघायच्या दिवशी आंघोळ उरकून गुपचूप तुझं न्हाणीघर घासून काढलं. दाराच्या फटीत पुठ्ठ्याची एक घडी खोचलेली होती, भिजून काळी पडलेली. ती टाकून दिली. इतकी टापटिपीची बाई तू, असला कचरा दारात ठेवतेस होय? दार तर धाकट्याने दुरुस्त करून दिलंय.

त्याला फार रागावू नकोस. उशिरा का होईना, पोराने काम केलं. तब्येतीला जप.

तुझी माया अशीच राहो.
तुझी,
ताई

७ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तू दवाखान्यातून परत गेलीस त्याला दहा दिवस झाले. आईला तू लिहिलेलं पत्र त्या गडबडीत टेबलावर तसंच राहिलं होतं. काल फोडून वाचलं.

दुरुस्त केलेलं दार अडकलं कसं, असं तू मला तीनदा विचारलंस, आणि तिन्ही वेळा मी कुलपाला दोष दिला. ताई, मी ते दुरुस्त केलंच नव्हतं. तुझी पत्रं थांबावीत म्हणून थाप मारली होती. ती पुठ्ठ्याची घडी आईनेच खोचली होती, दार पुरतं लागू नये म्हणून. मी रोज बघायचो आणि मनात म्हणायचो, चाललंय ना.

त्या रविवारी साडेदहाला ती आंघोळीला गेली. मी क्लबात होतो. अंतिम फेरी होती. आम्ही जिंकलो. सात वाजता घरी आलो तर रेडिओ चालूच होता. शेजारीण म्हणाली, रेडिओ ऐकू येत होता म्हणजे आजी बऱ्या असतील असं वाटलं. आईने बादली उपडी घालून वरची खिडकी गाठायला पाहिलं आणि पडली. खुब्याचं हाड मोडून ती दिवसभर ओल्या फरशीवर होती. हे तुला तिथे सांगायचा धीर झाला नाही.

पुठ्ठा लावायला आईच विसरली, असं मी स्वतःला समजावत होतो. तुझं पत्र वाचलं आणि तीही पळवाट बंद झाली.

काल दार दुरुस्त केलं. एक स्क्रू झिजला होता. चार मिनिटं लागली.

तिच्या छातीत कफ साठलाय, डॉक्टर नीट काही बोलत नाहीत. आज तिच्यापाशी बसून सगळं सांगणार आहे, तुझं पत्रही वाचून दाखवणार आहे. तू मला हवं ते बोल.

लोभ मागायला तोंड उरलेलं नाही.
धाकटा

१० एप्रिल

चि. सौ. ताईस आणि चि. धाकट्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

हात चालत नाही म्हणून इथल्या नर्सबाईंना सांगून लिहवून घेते. धाकट्याने सगळं सांगितलं आणि लहानपणी रडायचा तसा रडला. आता तुम्ही दोघं दोष निम्मा-निम्मा वाटून घ्याल. आईला काहीच ठेवणार नाही?

ताई, तू टाकलेला पुठ्ठा मी त्याच दिवशी केराच्या टोपलीत पाहिला. तुला सांगणार होते, पण गाडीची वेळ झाली होती. चपलांचं खोकं कॉटखाली होतं, कात्री हाताशी. नवी घडी करायला कितीसा वेळ लागतो? पण रेडिओवर माझा आवडता कार्यक्रम सुरू झाला. म्हटलं, उद्या कापू. दुसऱ्या दिवशी डोकं गाण्यात आणि हात सवयीचा, दार ओढलं गेलं.

आधी मला हसूच आलं. नंतर फार भीती वाटली, खोटं कशाला सांगू. धाकट्या, तुला खूप हाका मारल्या. पण तुझा राग आला नाही.

आता एकमेकांशी अबोला धरू नका. ताई, ती बटणं लावून टाक. धाकट्या, रविवारी क्लबात जात जा, घरी बसून कुढू नकोस. मला घरी कधी सोडतात ते डॉक्टरांना विचारायचं आहे, तेवढं राहून जातंय.

तुम्हा दोघांवर माझी माया आहे, एकमेकांवरही असू द्या.

ता. क. (१२ एप्रिल) : मी इथली नर्स. वरचा मजकूर तुमच्या आईंनी परवा सांगितला. सहीसाठी पेन पुढे केलं तर म्हणाल्या, उद्या करते. काल त्या शुद्धीवर नव्हत्या. आज सकाळी त्या गेल्या. ताई, तुमच्या भावाची तार मिळाली असेलच. पत्र सहीशिवायच पाठवते आहे.