गाडीचा घसा

३ फेब्रुवारी, मंगळवार
आज सकाळी ऑफिसला निघालो आणि कोपऱ्यावर गेल्यावर लक्षात आलं, चष्मा घरीच राहिला. मागे कचऱ्याची गाडी आडवी उभी. म्हणून कार तिथेच लावली आणि चालत परत आलो. जिन्यातच हसण्याचा आवाज. शेजाऱ्यांकडे पाहुणे असतील असं वाटलं. तर आमच्याच घरातून! ही, मुलगी आणि आई, तिघी. आईला तर हसता हसता ठसका लागला होता. मुलगी जाड आवाज काढून कोणाची तरी नक्कल करत होती. 'नळ उघडायला अक्कल लागत नाही, बंद करायला लागते. हा पाण्याचा प्रश्न नाही, संस्काराचा आहे.' बहुधा तिच्या मामाची. हुबेहूब. मामाला उपदेश करायची फार खोड.
बेल वाजवली. आवाज बंद. दार उघडलं तेव्हा तिघी तीन दिशांना तोंड करून कामाला लागलेल्या. ही म्हणाली, अहो, गाडीचा आवाज कसा आला नाही? चष्मा घेऊन निघालो.
घरात इतकं हसू आहे हे मला माहीतच नव्हतं. संध्याकाळी ते कुठे जातं?

४ फेब्रुवारी
पहाटे प्रार्थनेत मन लागलं नाही. पण शेवटी देवाने कारण सुचवलं. गाडी!
सायलेन्सर जुना झालाय. इंजिन सतत कोणावर तरी खेकसल्यासारखं वाटतं. मी वळणावर आलो की ते खेकसणं घरात पोचतं आणि बिचाऱ्या दचकून गप्प होतात. मनुष्य शांत आणि गाडी तापट, अशी ही विसंगती आहे. मी स्वतः कधी आवाज चढवत नाही. एकदा समजावतो, पुन्हा समजावतो, फार तर तिसऱ्यांदा.
आमच्या गावच्या शाळेत गुरुजींच्या चपला व्हरांड्यात वाजल्या की वर्ग चिडीचूप व्हायचा. दाराशी येऊन ते मोठ्याने खाकरायचे. जुना खोकला असावा. मग आत यायचे. ही गोष्ट मी घरी अधूनमधून सांगतो. पण तो आदर होता. घरातल्या गप्प होण्यात आदर नाही, तो निव्वळ सायलेन्सरचा दोष आहे.
संकल्प : गाडीचा आवाज बदलायचा.

७ फेब्रुवारी, शनिवार
गॅरेजमध्ये गेलो. मेकॅनिकला सगळे डॉक्टर म्हणतात. त्याला नीट समजावलं : आवाज सौम्य हवा, पण भारदस्त. ऐकणाऱ्याला बरं वाटलं पाहिजे, कोणी आपलं माणूस येतंय असं. तो म्हणाला, काका, गाडी आहे, बाजाची पेटी नाही. मी पुन्हा समजावलं. तिसऱ्यांदा सुरुवात केली तेव्हा त्याने हात जोडले, म्हणाला, सोडा माझ्यावर, असा घसा बसवतो की लोक वळून बघतील.
माणूस विश्वासू वाटला.

८ फेब्रुवारी
लोक वळून बघतात.
मागे पायलीएवढा जाड पाइप बसवलाय. किल्ली फिरवली आणि गॅरेजच्या पत्र्यावरची कबुतरं उडाली. डॉक्टर म्हणाला, झाला की नाही वाघ? मी गाय मागितली होती. तो म्हणाला, चालवा चार दिवस, बसेल आवाज.
घरी पोचलो तर तिघी आधीच बाल्कनीत उभ्या. आईने विचारलं, हेलिकॉप्टर कुठे उतरलं? मुलगी म्हणाली, बाबा, आता तर हायवेवरूनच कळतं तुम्ही आलात ते! कौतुकानेच म्हणाली. रिकाम्या खोल्यांतले दिवे बंद, टॉवेल घडी घालून ठेवलेला, नळ घट्ट. वेळ हाताशी असला की माणसं किती नीटनेटकी वागतात!
पण हसू नाही.

१२ फेब्रुवारी
आवाज बसेना. ट्रॅफिक पोलिसाने अडवलं. म्हणाला, या वयात हा शौक? मी शांतपणे सांगितलं की घरात हसतंखेळतं वातावरण राहावं म्हणून हे केलंय. त्याने पलीकडच्या पोलिसाला हाक मारली आणि मला पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावलं. दोघांनी मन लावून ऐकलं. असे श्रोते घरी मिळत नाहीत. शेवटी दम देऊन सोडलं.
खालच्या मजल्यावरच्या वहिनी जिन्यात भेटल्या. म्हणाल्या, भाऊजी, आमचा नातू अजून आई म्हणत नाही, पण तुमची गाडी काढून दाखवतो. घर्रर्र.
माझ्या गाडीची नक्कल एवढंसं पोरही करतं. म्हणजे दोष गाडीतच आहे. सिद्ध झालं.

१४ फेब्रुवारी, शनिवार
पुन्हा डॉक्टर. या वेळी एकामागे एक दोन सायलेन्सर लावले, आत कसलासा लोकरीसारखा भरणा. आता गाडी कुजबुजते. चढावर दम लागतो, पण तक्रार करत नाही. अगदी माझ्या स्वभावावर गेली.

१६ फेब्रुवारी, सोमवार
आज प्रयोग. वळणावर आलो, बाल्कनीत कोणी नाही. जिना चढलो. आतून हसू! गाडीचा दोष होता तो गेला. दोन मिनिटं बाहेरच उभा राहिलो. देवाचे आभार मानले. ठरवलं की आत जाऊन आपणही हसायचं.
लॅचला किल्ली लावून दार उघडलं. तिघी दचकल्या. आईच्या हातातली बशी फुटली. हसू मधेच तुटलं, आणि ते तुटताना मी पहिल्यांदाच पाहिलं. एरवी मी येतो तेव्हा शांतता आधीच मांडून ठेवलेली असते.
मी म्हणालो, चालू द्या, चालू द्या. कोणी चालू ठेवलं नाही. म्हणून मग हसण्याचे आरोग्याला काय काय फायदे आहेत ते समजावून सांगितलं. मुलगी म्हणाली, बाबा, मला एक सांगायचं होतं. मी म्हणालो, थांब, माझं संपू दे. संपलं तेव्हा ती तिच्या खोलीत गेलेली होती.

१९ फेब्रुवारी
हिने आज स्पष्टच विचारलं. काय करून ठेवलंय हो गाडीला? तुम्ही कधी टपकाल ते कळतच नाही, संध्याकाळ झाली की जीव टांगणीला. आई पाच वाजल्यापासून दाराकडे तोंड करून बसते. जिन्यात दूधवाला आला तरी तिघी टाचणी पडली तर ऐकू येईल इतक्या गप्प.
नवीन गोष्टीला वेळ द्यावा लागतो. धीर धरायचा.

२० फेब्रुवारी, शुक्रवार
ऑफिसची वीज गेली. दुपारीच घरी आलो. किल्ली हातात, दारात उभा. आतून जाड आवाज. 'आमच्या गावच्या शाळेत गुरुजींच्या चपला व्हरांड्यात वाजल्या की...' आणि आई, माझी आई, पुढचं म्हणत होती, 'वर्ग चिडीचूप!' मधला श्वाससुद्धा जिथल्या तिथे.
ही गोष्ट मामाला माहीत नाही.
मग ही म्हणाली, पुरे गं आता. सोमवारी दुसऱ्या गावी कामावर रुजू व्हायचंय, आणि त्यांना अजून पत्ता नाही. सांगणार कोण? मुलगी आपल्या आवाजात बोलली. म्हणाली, मी सांगायला जाते गं, पण ते समजावायला लागतात. ऐकता ऐकता मला काय हवं होतं तेच मी विसरते. यावेळी नाही विसरायचं मला. आई म्हणाली, तू बोलून मोकळी हो, त्याने सुरुवात केली की मी चक्कर आल्यासारखं करते.
तसाच खाली उतरलो. गाडीत बसलो. गाडी सुरू केली नाही. परगावच्या नोकरीबद्दल सांगण्यासारखे बरेच मुद्दे मनात आले. पण आज ते सगळे मुलीच्या त्या जाड आवाजात येऊ लागले.

२१ फेब्रुवारी, शनिवार
डॉक्टरला म्हणालो, जुनाच बसव. तो म्हणाला, काका, नक्की? मी फक्त हो म्हणालो. पुढे काहीच न बोलल्यामुळे तो जरा घाबरला. भंगारातून जुना सायलेन्सर शोधून आणला, भोकाला ठिगळ मारलं.
तो वेल्डिंग करत होता तेव्हा गुरुजी आठवले. दाराबाहेर रोज खाकरायचे. पण वर्गात आल्यावर ते एकदाही खोकल्याचं आठवत नाही. मास्तर आल्याची आम्हाला आधी वर्दी मिळावी, टोप्या-पाट्या सावरायला वेळ मिळावा, एवढंच ते होतं. इतकी वर्षं मी त्यांना आजारी समजत होतो.
संध्याकाळी कोपऱ्यावर ॲक्सिलरेटर दोनदा दाबला. खर्रर्र. तसाच थांबलो. मग वर गेलो. शांतता मांडून ठेवलेली होती. चहा आला. आई म्हणाली, बरं झालं बाई, गाडीला वाचा फुटली.
मुलगी समोर बसली. म्हणाली, बाबा, बोलायचंय. आईने लगेच कपाळाला हात लावला. मी एकच शब्द बोलायचं ठरवून आलो होतो. मुलीने सगळं सांगितलं, अगदी शेवटपर्यंत. मी म्हणालो, जा.
तिघी पुढच्याची वाट बघत राहिल्या. आईचा हात कपाळावर तसाच. पुढचं काही नव्हतं. म्हणजे होतं, पुष्कळ होतं. गरम चहाबरोबर गिळलं.

२३ फेब्रुवारी, सोमवार
पहाटे मुलीला स्टेशनवर सोडलं. वाटेत गाडीच काय ती बोलत होती. प्लॅटफॉर्मवर नळ, कुलूप, उसनवारी, सगळं ओठांवर आलं. म्हणालो, पोचलीस की फोन कर. ती डब्याच्या दारात उभी राहून माझ्याकडे बघत राहिली, आता काहीतरी येणार अशा चेहऱ्याने. गाडी सुटली तरी तशीच बघत होती. कदाचित मी एखादं वाक्य बोलायला हवं होतं. हे समजावून सांगणारं कोणी जवळ नव्हतं.
संध्याकाळी कोपऱ्यावर आलो. आज घरात हसायला कोणी नाही, दोघी गप्पच असणार, हे माहीत होतं. तरी ठरल्याप्रमाणे ॲक्सिलरेटर दाबला, थोडा थांबलो, आणि मग वर गेलो.