आपली हनुवटी

आई, माझं तोंड आता दोन बोटं उघडतं आणि सध्या ही आपल्या घरातली सगळ्यात मोठी बातमी आहे. बाबा सकाळी चहाच्या आधी येऊन विचारतात, "किती?" मी दोन बोटं उभी धरून दातांमध्ये घालून दाखवते. मग ते अंगणात जातात आणि कापसाचा भाव वाढल्यासारखं शेजारच्या भाभीला भिंतीवरून ओरडून सांगतात. भाभी तिकडून म्हणते, "माशाल्ला! आता तीन झाले का मले सांगजा, मी बिर्याणी लावतो."

तुला पहिल्यापासूनच सांगते. आपल्या दोघींचा तो खालचा जबडा, वरच्याला मागे टाकून पुढे येऊन बसलेला, तो मी नागपूरला जाऊन मागे घेतला. पुढचे दात एकमेकांना कधी भेटलेच नाहीत, त्यामुळे सगळं काम दाढांवर पडलं आणि त्या झिजून सपाट झाल्या. सकाळी उठलं की कानाजवळ कटकट वाजायचं. शेवटी शेवटी तर वर्गात शिकवता शिकवता जबडा अडकायचा आणि मी फळ्याकडे तोंड करून तो हाताने सोडवायची. यवतमाळच्या डॉक्टरने नागपूरला पाठवलं. तिथे आधी वर्षाच्या वर दातांना तारा लावल्या. चाळिशी ओलांडलेल्या बाईच्या तोंडात तारा पाहून माझ्या आठवीच्या मुली इतक्या खूश झाल्या की काय सांगू. "मॅडम, तुमाले बी?" एकीने विचारलं आणि आपल्या तारा मला दाखवल्या, आम्ही एकाच गावच्या निघालो असं तिला वाटलं असावं. मग या उन्हाळ्याच्या सुट्टीत डॉक्टरांनी हाड कापून, मागे सरकवून, बारीक पट्ट्या आणि स्क्रू लावून बसवून दिलं.

"कापून" हा शब्द ऐकून बाबा खुर्चीवरून उठले होते. "नाही केलं त चालत नाही काय?"

"काहून?"

"असंच," म्हणाले आणि पेपर उघडून बसले. मला वाटलं, मला समजलं. तुला जाऊन वीसहून अधिक वर्षं झाली. तुझ्या साड्या वाटून झाल्या, तुझी भांडी भाचीच्या लग्नात गेली. या घरात तुझी चालतीबोलती खूण म्हणजे माझी हनुवटी, आणि मी तीच बदलायला निघाले होते.

शाळेत मला "सुपडी" म्हणायचे, आठवतं? सुपासारखी पुढे आलेली म्हणून सुपडी. मी तुझ्या आरशासमोर बसून तळहाताने हनुवटी आत दाबायची. एकदा तू ड्यूटीवर निघताना मला तसं पाहिलंस. मला वाटलं तू जवळ घेशील. तू मात्र दारातूनच रागावलीस. "जबडा मांगं ओढून बसली त बोलशीन कधी? ऊठ तेथून!" आणि मला तशीच, न विंचरलेल्या केसांनी, टेलिफोन एक्स्चेंजमध्ये घेऊन गेलीस. तेव्हा आपल्या दारव्ह्यात नंबर फिरवायची सोय नव्हती. फोन उचलला की आधी तू. मी स्टुलावर बसले आहे, तू कानाला ते जड हेडफोन लावते आहेस, समोरच्या बोर्डावर दिवा लागतो आणि तू दोरीचं टोक उचलून भोकात घालतेस. "बोला." त्या एका शब्दात अख्ख्या गावाला तू माहीत होतीस. कापसाचे व्यापारी, वकील, बाळंतपणाची बातमी विचारणाऱ्या आज्या, सगळे तुझ्याशी बोलत होते आणि तू एकीकडे पुण्याची लाईन मागत दुसरीकडे कुणाला तरी "रडू नका, आता लागते" म्हणत होतीस. घरी येताना रस्त्यात एक म्हातारे गृहस्थ थांबले आणि नुसत्या आवाजावरून तुला ओळखून त्यांनी हात जोडले. तू माझ्याकडे पाहिलंस.

आणि त्याच वर्षी वाढदिवसाला तू मला एक छोटा मिटता चाकू दिलास. दुसऱ्या मुलींना बाहुल्या, मला चाकू! मधल्या सुट्टीत पेरूचा चावा मला घेता यायचा नाही आणि मी "आवडत नाही" म्हणून सांगायची, हे तू कधी हेरलंस कोण जाणे. तुझ्या पर्समध्येही तसाच एक होता. "आपल्या दोघीईचे समोरचे दात हेच," तू म्हणाली होतीस. मग आपण दोघी अंगणात बसून पेरूच्या फोडी करून खाल्ल्या, तिखटमीठ लावून.

तर ऑपरेशन झालं. गाडीतून घरी उतरले तेव्हा माझं तोंड दुधीभोपळ्याएवढं सुजलेलं. वरचे-खालचे दात रबरांनी एकमेकांना बांधलेले, बोलणं बंद म्हणून हातात पाटी-खडू, चावणं बंद, आणि बाहेर मे महिना. भाभीने मला पाहून तोंडावर पदर धरला आणि मग स्वतःच हसायला लागली. "या अल्ला, गाल त पाहा! कोणी लग्नाचे लाडू दोन्हीकडं भरले का काय?" मलाही हसू आलं आणि हसता येईना, मग डोळ्यांतून पाणीच आलं.

स्वयंपाकघर बाबांनी ताब्यात घेतलं. हो, आपल्या बाबांनी. तहसीलमधून निवृत्त होईपर्यंत ज्यांना साखरेचा डबा कुठला ते माहीत नव्हतं, ते वरण मिक्सरमधून काढायचे, चहाच्या गाळणीतून गाळायचे, परत एकदा मलमलच्या फडक्यातून गाळायचे आणि मोठ्या सिरिंजमध्ये भरून माझ्या गालाच्या फटीत सोडायचे. मुगाचं पाणी, ताक, कैरीचं पन्हं, ज्वारीची आंबील. एकदा त्यांनी पोळी आणि भाजी आणि दूध एकत्र फिरवलं. मी पाटीवर लिहिलं, "हे काय आहे?" त्यांनी माझ्या हातातून खडू घेतला आणि खाली लिहिलं, "जेवण." माझं तोंड बांधलेलं, त्यांचं नाही, तरी ते पाटीवर लिहूनच उत्तर द्यायचे. भाभीने विचारलं, "काकाजी, तुमचं बी ऑपरेशन झालं काय?" तेव्हा कुठे त्यांच्या लक्षात आलं.

खालचा ओठ आणि हनुवटी अजून बधिर आहे. ताक ओघळलं तरी मला कळत नाही. मग बाबा आपल्याच हनुवटीवर बोट ठेवून खूण करतात आणि मी पुसते. मिळमिळीत खाऊन जीव कंटाळला तेव्हा मी पाटीवर मोठ्या अक्षरात "ठेचा" लिहिलं. खायला नाही तर नाही, निदान वास तरी घे, म्हणून त्या भल्या माणसाने माझ्या खोलीच्या दारात शेगडी आणून तव्यावर हिरव्या मिरच्या परतल्या. दात बांधलेले असताना शिंक येणं काय असतं ते तुला सांगून कळायचं नाही. मी डोळे पांढरे केले, बाबा "दाबून धर! नाही नाही, सोड सोड!" म्हणत माझ्याभोवती फिरू लागले, खोकत खोकत. भाभी ओल्या फडक्याने तवाच उचलून घेऊन गेली.

पण एक गोष्ट मला टोचत होती. सूज उतरली आणि नवा चेहरा दिसायला लागला तसे बाबा माझ्याकडे बघेनासे झाले. सिरिंजकडे बघत, वाटीकडे बघत. भाभी म्हणाली, "कित्ती सुंदर दिसून राह्यली व!" तर ते कूलरमध्ये पाणी टाकायचं निमित्त करून बाहेर गेले. कूलर काठोकाठ भरलेला होता. दुपारी मी पाटीवर लिहिलं, "बाबा, तुम्ही माझ्याकडे पाहत नाही. आई दिसत नाही म्हणून?"

त्यांनी सवयीने ते मोठ्याने वाचायला घेतलं आणि मधेच थांबले. वाटी खाली ठेवली.

"तसं नाही व बाई," ते म्हणाले. "तुह्या मायले बी हे करायचं होतं."

मी पाटीवर नुसतं एक प्रश्नचिन्ह काढलं.

"तू व्हायच्या आधीची गोष्ट हाय. एक्स्चेंजमधल्या कोण्या बाईनं तिले सांगतलं, नागपूरले जबडा नीट करून देतात. ती जाऊन विचारून बी आली. मले म्हणे, कानापाशी लय दुखते, करून घेऊ काय? मी म्हटलं, कायले? मले त तू असीच आवडते. ती हासली. पुन्हा विषय काढला नाही. मले वाटलं, खूश झाली. रोज पोळी दुधात कुस्करून खाये, मले वाटे, तिले तसंच आवडते. आता तुह्यं दुखणं थांबलं, तुह्या डोळ्यात दिसते मले. ते पाह्यलं का तिचं आठवते."

मी लिहिलं, "मला ती कधीच बोलली नाही." त्यांनी खडू घेतला आणि त्याखाली लिहिलं, "मलाही पुन्हा कधी नाही." मग आम्ही दोघांनी ती पाटी बराच वेळ पुसली नाही.

आई, महिनाभर मी मनातल्या मनात तुझी माफी मागत होते आणि तू मात्र माझ्याआधी नागपूरला जाऊन आली होतीस. डॉक्टरांच्या त्या खुर्चीत तूही बसली असशील, आ करून, पदर सावरत. मला एकदम हलकं वाटलं, आणि तुझा थोडा रागही आला. सांगायचंस ना. जबडा तर तुझा मोकळा होता.

दुसऱ्या दिवशी बाबांनी चष्मा लावून माझं तोंड उजेडाकडे वळवलं आणि नीट तपासलं. "डावीकडं सूज हाय अजून थोडी," असा निकाल दिला. त्यानंतर ते बघतात, अगदी टक लावून. मागच्या आठवड्यात रबरं निघाली आणि मी मऊ पोळीचा घास पुढच्या दातांनी तोडला. आयुष्यात पहिल्यांदा. दात दातावर टेकल्याचा टक् असा आवाज आला. "आला?" बाबांनी विचारलं. त्यांनाही ऐकू आला होता.

आता शाळा उघडायची आहे. आमची हजेरी हल्ली मोबाईलसमोर चेहरा धरून लागते. काल घरूनच करून पाहिली, तर तो म्हणतो, चेहरा जुळत नाही. बाबा इतके हसले की त्यांना ठसका लागला. "सरकारले तू पटली नाही!" मुख्याध्यापक म्हणाले, नवा फोटो द्या, नोंद बदलून घेऊ. म्हणून आज संध्याकाळी स्टुडिओत जाऊन आले. फोटोवाला म्हणाला, "ताई, जरा सरळ पाहा," आणि मी सरळ पाहिलं. शाळेला लागतात त्यापेक्षा जास्त प्रती मी काढून घेतल्या आहेत. बाबा अंगणात गेले की मी पाकिटातून एक काढून बघते, परत ठेवते, परत काढते. फोटोतली बाई मला फार आवडते, आई. हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही. तू समोर असतीस तर लाजून तुलाही सांगितलं नसतं. हे पत्र टाकायला तुझा पत्ता नाही, म्हणूनच लिहायचं धाडस झालं.