सुभेदार पेम्मय्या उद्यान आणि दोन बार

२९ सप्टेंबर
नको नको म्हणत होतो, तरी ठरलंच! बागेला माझं नाव. एकाहत्तरच्या लढाईतल्या पदकाबद्दल, आणि अकरा वर्षं खपून त्या उकिरड्याची बाग केल्याबद्दल. बागेचं कबूल. पदकाचं काय — त्या दिवशी नेम लागला, एवढंच.

समितीचा अध्यक्ष कुट्टप्पा म्हणतो, "फीत कापायला तुम्ही काय मंत्री आहात, सुभेदार? आपण कुर्गचे कोडवे, आपलं उद्घाटन बंदुकीनं! फणसाला नारळ बांधतो, तुम्ही पाडा." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. काय करणार!

नारळ सोडा, मला फणसाचं झाडसुद्धा दिसत नाही.

३० सप्टेंबर
कुणाला सांगायची सोय नाही. डोळ्यांचं सोमण्णाच्या कानावर गेलं की संपलं. बंगळूरहून गाडी घेऊन येईल — "अप्पा, आता कायमचं आमच्याकडे." सातव्या मजल्यावर! माझी चाफ्याची रोपं कोण बघणार? चोंदम्मालाही बोललो नाही. माझी बायको आहे, पण त्याची आईसुद्धा आहे ना.

३ ऑक्टोबर
पहाटे बागेत सराव. बंदूक नाही, नुसती काठी. बाकापासून तेवीस पावलं, तोंड देवळाच्या घंटेच्या आवाजाकडे म्हणजे फणस समोर, काठी खांद्याला. समोरून आवाज आला, "सुभेदार, हे काय?" म्हटलं, "माकडं फार झालीत."

"अहो, मी आहे! शाळेतली बाई!"

५ ऑक्टोबर
चष्मा पुन्हा पुसला. चष्म्याचा दोष नाही.

८ ऑक्टोबर
झालं! आणि काय काय झालं!

भाषणं संपली. अंगात आमचा काळा अंगरखा, कुप्या, कमरेला खंजीर, छातीवर पदक. तेवीस पावलं मोजली. पहिला बार — शांतता. लगेच दुसरा — आणि "लागला! लागला!" कुट्टप्पानं फुटलेला नारळ आणून हातात दिला. चाचपला. गोळीनं इतका सरळ, दोन सारख्या भकलांत फुटलेला नारळ जन्मात हाताला लागला नव्हता! म्हणजे हात अजून शाबूत आहे.

पण लागोपाठ दोन बार! मुलगा झाला की एक, माणूस गेला की दोन — हे आमच्याकडे शेंबड्या पोराला कळतं. समितीतल्या अकरा शहाण्यांना सुचलं नाही, आणि मलाही! खोऱ्यापलीकडे ऐकू गेले, आणि लोकांना वाटलं: ऐंशीचा म्हातारा, त्यात सत्कार — हर्षवायूनं गेला असणार!

घरी पोचलो तर अंगण पांढऱ्या कपड्यांनी भरलेलं. चोंदम्मा दारात उभी राहून ओरडतेय, "अहो, जिवंत आहेत ते! समारंभाला गेलेत!" आणि एक बाई तिला जवळ घेऊन समजावतेय, "सुरुवातीला असंच वाटतं गं."

एक जण माझ्या गळ्यातच पडला, हुंदके देत. चेहरा नुसता धूसर. मी पाठ थोपटली. "रडू नको बाबा, तुझंच घर आहे. डुकराचं मटण केलंय, जेवून जा." तो "बरं" म्हणाला, तेव्हा आवाज ओळखला. तो बोपय्या होता! कुंपणाच्या भांडणापासून सत्तावीस वर्षं आम्ही एकमेकांशी बोललेलो नाही. जेवला मात्र पोटभर. जाताना म्हणतो, "पुढच्या वेळी मरशील तेव्हा खात्री करून बार काढ. गुडघे दुखतात माझे."

९ ऑक्टोबर
चोंदम्मानं कॉफी मुद्दाम उजवीकडे ठेवली. मी डावीकडे चाचपत बसलो. म्हणाली, "बोपय्याला मिठी मारलीत, तेव्हाच कळलं. सोमण्णाला फोन केलाय. मोतीबिंदू काढायचा आणि परत यायचं. मला तरी कुठं हवाय तो सातवा मजला!"

दोन वर्षं उगाच लपवलं.

६ नोव्हेंबर
मोतीबिंदू काढून परत! ठरल्यापेक्षा दोन दिवस आधीच, कुणाला न कळवता. थेट बागेत गेलो. चाफ्याच्या पानांवरच्या शिरासुद्धा दिसल्या. मग मान वर केली. फणसाच्या फांदीला काथ्यानं बांधलेला नारळ — अख्खा. ओरखडासुद्धा नाही.

अख्ख्या गावानं माझ्यासाठी खोटं बोलावं! बाकावर बसून रडलो.

तेवढ्यात कुट्टप्पा धावत आला, खांद्यावर शिडी. मला बघून जागच्या जागी थिजला. "दिसतंय का आता, सुभेदार?"

म्हटलं, "जवळचं लख्ख दिसतं. उंचावरचं अजून नाही."