डोळ्यांच्या दवाखान्याची सुंदर वेबसाइट

३ मार्च, सोमवार
आजपासून रोज लिहायचं. डिझाइन हेड होणाऱ्या माणसाची नोंद राहायला हवी. साहेब म्हणाले, डोळ्यांच्या दवाखान्याची वेबसाइट नीट जमली तर एप्रिलपासून तुम्ही हेड. डॉक्टरबाईंची अट एकच: पेशंटनी घरबसल्या वेळ घ्यावी, काउंटरवरचा फोन कमी वाजावा. हातचा मळ आहे.

६ मार्च
रंग ठरला. पांढऱ्यावर फिकट राखाडी, अक्षरं बारीक. 'वेळ घ्या' हे बटण मुद्दाम दिसत नाही, कर्सर नेला की हळूच उमलतं. टीममधली नवी मुलगी म्हणाली, मोबाइलवर कर्सर नसतो. शिवाय आधी पाच पेशंटना वापरायला देऊन बघूया. तिला समजावलं, पेशंट डोळे दाखवायला येतात, मला डिझाइन शिकवायला नाही. गप्प बसली. पटलं असावं.

१० मार्च, संध्याकाळ
तरी मन मोठं करून घरी चाचणी घेतली. आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन व्हायचंय. तिला फोन दिला, म्हटलं वेळ घे. बघणाऱ्याने मध्ये बोलायचं नाही असा नियम आहे म्हणे. पाळला. अकरा सेकंद. मग आईचं बोट धरून मीच बटणाच्या जागी टेकवलं. वेळ मिळाली. चाचणी यशस्वी.

बायको म्हणाली, उद्या प्रत्येक पेशंटच्या घरी जाणार का बोट धरायला? हिला माझं काही चांगलं झालेलं बघवतच नाही.

१७ मार्च
साइट सुरू. साहेबांनी प्रोजेक्टरवर पाहिली, एकदम क्लास म्हणाले. हेडच्या केबिनला निळे पडदे लावायचे.

१९ मार्च
काउंटरवरच्या बाईंचा फोन. आता फोन दुप्पट वाजतो. जो तो विचारतो, साइटवर वेळ कुठून घ्यायची. म्हणजे लोक साइट उघडताहेत, चांगलंच आहे. मदतीचं एक पान टाकलं. तेही फिकट राखाडीत. एकसारखेपणा महत्त्वाचा.

२४ मार्च
काउंटरवरच्या बाईंनी दवाखान्याच्या दारावर कागद चिकटवला: वेबसाइटवर जाऊ नये, फोन करावा. नव्या मुलीने त्याचा फोटो साहेबांना दाखवला. मी म्हटलं, अक्षरं फारच ठळक, बटबटीत दिसतात. साहेबांनी फोटो स्वतःकडे मागवून घेतला.

२७ मार्च
हेड नवी मुलगी. वाईट वाटलं, जेवण गेलं नाही. तिने दिलेलं पहिलं काम: दवाखान्यात दिवसभर पेशंटजवळ बसायचं, बोलायचं नाही, लिहायचं. जाईन. डॉक्टरबाईंना डिझाइन समजावून सांगायची संधी आहे.

२८ मार्च
समजावायला लागलो, तर डॉक्टरबाई म्हणाल्या, तुम्ही डोळे बारीक का करता? तपासायला घेतलं, थेंब घातले, बाकावर बसवलं. पुढची वेळ वेबसाइटवरून घ्या म्हणाल्या. हसल्या नाहीत.

फोन काढला. पांढरं पान, नुसतं पांढरं. कुठे काय ठेवलंय ते मला तोंडपाठ, तरी बोट तीनदा चुकलं. शेजारच्या आजींच्या डोळ्यांतही थेंब. त्या म्हणाल्या, राहू द्या हो, ज्याने कुणी हे केलंय ना, त्याला एकदा इथे आणून बसवायला पाहिजे.

मी हो म्हणालो.

मग त्यांनी विचारलं, तुम्ही काय करता? म्हटलं, काही नाही आजी, डोळे दाखवायला आलोय.