कॅमवरचा गंज

३ मार्च

इतके दिवस हे पान कोरं ठेवलं, लाजच वाटते. लिहिण्यासारखं काही नव्हतं असं नाही. लिहिलं की खरं होईल, अशी भीती होती. आज लिहितेच.

विमानाच्या ऑइल फिल्टरमध्ये लोखंडाचा कीस सापडला. मेकॅनिकने फिल्टर कापून आतली कागदी घडी फडक्यावर उलगडली, वरून लोहचुंबक फिरवलं. चुंबकाला बारीक मिशा फुटल्या!

"ताई, आता हे उडवायचं नाही." एवढंच म्हणाला आणि हात पुसत उभा राहिला.

इंजिनाचं वय झालंच होतं. "वय झालं म्हणून काय झालं?" असं दादा म्हणायचा आणि मी मान डोलवायची. मला खरंच पटत होतं, की सोयीचं होतं?

४ मार्च

दोन वाटा. हेच इंजिन पूर्ण खोलून नव्याने बांधून घ्यायचं. त्यात महिने जातील, शिवाय आत काय निघेल ते सांगता येत नाही. नाहीतर हे कारखान्याला देऊन त्यांच्याकडचं तयार इंजिन बसवायचं. मंगळवारपर्यंत कळवायचंय, नाहीतर ते दुसऱ्या कुणाला जाईल.

दादाला फोन केला. भडकलाच! "परकं इंजिन? कुणी कसं पिदडलंय कुणास ठाऊक! अगं शहाणे, याची नाडी न् नाडी मला माहितीये."

विमान आम्हा दोघा भावंडांचं. मला उडवायला त्यानेच शिकवलं. मग दोन वर्षांपूर्वी तो जेवता जेवता बेशुद्ध पडला — हृदयाचं दुखणं निघालं, वैमानिकांच्या डॉक्टरने उडायला कायमची बंदी घातली. तेव्हापासून मी एकटीनेच उडवायचं ठरलं. गेलं वर्षभर कॉलेजच्या कामापायी मलाही जमलं नाही. दादा मात्र दर रविवारी सकाळी हँगरवर जातो आणि इंजिन जागेवरच दहाएक मिनिटं चालवतो. "आजाऱ्याला अंगणात फिरवून आणतो," म्हणतो. वहिनी म्हणते, "जाऊ दे गं. परत येतो तेव्हा तरी माणसात असतो."

६ मार्च

मेकॅनिकने आज चाचरत विचारलं, "दादा नुसतं जागेवरच चालवतात ना?"

हो म्हटलं. त्याचा चेहरा पडला. जागेवर चालवलं की ऑइल पुरेसं तापत नाही, आत धरलेला ओलावा उडून जात नाही. तो कॅमवर बसतो, म्हणजे झडपा उघडणाऱ्या दांड्यावर. मग कॅम गंजतो, घासतो, कीस पडतो. नुसतं झाकून ठेवलं असतं तरी परवडलं असतं.

"मायेनंच मारलं म्हणायचं," तो बोलून गेला आणि जीभ चावली.

"वयामुळे झालं असं सांगाल त्याला?" विचारतानाच शरमले.

"खोटं नाही बोलणार, ताई. हवं तर गप्प बसेन."

७ मार्च

सांगावं का? न सांगणं ही दया, की माझा भित्रेपणा? त्याच्याकडे आता रविवार सोडून आहे काय! वर्गात तर मी मुलांना तोंड वर करून सांगते — खरं बोलायला वेळकाळ लागत नाही. लागतो!

८ मार्च, रविवार

सांगितलं. त्याच्या स्वयंपाकघरात, वहिनी बाहेर गेलेली असताना.

मला वाटलं चिडेल, नाहीतर कोसळेल. त्याने कप बाजूला सारला. मग म्हणाला, "खोलल्यावर हे सगळं दिसतं?"

"कॅम दिसतो. गंज असला तर दिसणारच."

"मग नका खोलू. बदलूनच टाका. उद्याच कळव."

"परकं इंजिन चालेल तुला?"

"चालेल म्हटलं ना!" केवढ्याने ओरडला! मग माझ्या खांद्यावर थोपटून म्हणाला, "तू नको मनाला लावून घेऊ."

त्याचं सर्वस्व मी हिरावून घेतलं, आणि तोच माझी समजूत घालतोय. घरी येईपर्यंत रडू आवरेना.

९ मार्च

कळवणार होते. पण न बघता एखाद्याला मेलेलं ठरवायचं? पटेना. मेकॅनिक म्हणाला, एक सिलिंडर उतरवला तरी कॅम दिसेल. उतरवा म्हटलं. दादाला बोलले नाही.

१० मार्च

कॅम आरशासारखा लख्ख! गंजाचा ठिपका नाही. कीस त्या एका सिलिंडरचा. तेवढा बदलला की भागेल. इंजिन द्यायला नको, खोलायला नको. मी आनंदाने टाळीच वाजवली.

मेकॅनिक हसला नाही. बॅटरी विझवून म्हणाला, "ताई, जागेवर चालवलेलं इंजिन असं राहत नाही. हे नेमाने उडालेलं आहे."

उद्या: हँगरचं कुलूप बदलायचं.