चाकांवरचं घर आणि भालकीचा रस्ता

४ नोव्हेंबर २०२४, सकाळी ७
आजपासून रोजनिशी. मोठ्या कामाची नोंद राहायला हवी. रिटायर होऊन पाच महिने झाले, एका जागी बसवत नाही. आता बसायची गरजही नाही. काल ट्रॅक्टरने ओढून गाडी अंगणात आणली. पालमच्या बंद जिनिंग मिलमागे चाळीस वर्षं उभी होती. कुणी जर्मन नवरा-बायको तिच्यातून जग फिरत होते, इथे ती बंद पडली, ते विमानाने घरी गेले. आत पलंग, ओटा, बेसिन, कपाट. चाकांवरचं घर! अख्ख्या मराठवाड्यात दुसरं नसावं.
बायकोने, महेश्वरीने, गाडीभोवती एक फेरी मारली आणि विचारलं, चाकं तीनच हायत का? चार आहेत. चौथं आत पलंगावर आहे. बायकांना आधी उणं दिसतं.
निश्चय: पंधरा दिवसांत गाडी रस्त्यावर. पहिला प्रवास कर्नाटकात भालकीला, महेश्वरीच्या थोरल्या बहिणीकडे. भागम्माची नजर जात चाललीय. डॉक्टरांनी सांगितलंय, दोन-तीन महिने फार. नजर आहे तोवर महेश्वरीला तिच्यासमोर जाऊन बसायचंय. एसटीने एका दिवसात होतं, पण एसटीने काय, कुणीही जातं. मी शब्द दिला: स्वतःच्या घरात बसून बहिणीच्या दारात उतरशील.

९ नोव्हेंबर
सिद्धोधन मिस्त्री आला. पुढचं झाकण उघडलं तर आत इंजिनच नाही. तो हादरला. मी नाही (फारसा). इंजिन मागे निघालं. त्याच्यात कसलं तरी घरटं. सिद्धोधन म्हणाला, काका, इंजन लय जाम हाय, उतरवून पूर्णेला न्यावं लागतंय. मी त्याला सांगितलं, माझ्याशी टेक्निकल बोललास तरी चालेल, येलदरीच्या धरणावर अठ्ठावीस वर्षं काढलीत. स्टोअरकीपर होतो हे सांगितलं नाही. पण नट-बोल्ट सगळे माझ्याच हातून जायचे.

१९ नोव्हेंबर
पंधरा दिवस झाले. इंजिन पूर्णेला. इंजिन म्हणजे काही सगळी गाडी नव्हे. परभणीला जाऊन पडद्यांचं कापड आणलं, निळं आणि हिरवं. कोणतं लावू, म्हणून महेश्वरीला विचारलं. ती म्हणाली, अक्काचा फोन आलता, उजव्या डोळ्याला आता नुसता उजेड कळायलाय, मी एकलीच जाऊन येऊ का?
म्हणालो, आठ दिवस दम धर. पडद्यांवर तिने काहीच मत दिलं नाही. शेवटी दोन्ही लावले.

३ डिसेंबर
सकाळी रंग काढायला घेतला. नऊला कंटाळा आला म्हणून बेसिनकडे वळलो. वरच्या टाकीत पाणी ओतलं. बेसिनला आलं नाही, छतातल्या दिव्यातून आलं. दुपारी पुन्हा रंग. चारला टायर. पाचला पुन्हा बेसिन. दिवस कसा गेला कळलं नाही. झालं काय, तेही नीट कळलं नाही.

१२ डिसेंबर
एक महत्त्वाची गोष्ट लक्षात आली: स्टिअरिंग डावीकडे आहे. महिनाभर रोज बसून प्रॅक्टिस करतोय, पण समोर भिंतच असल्यामुळे बाजूचा प्रश्न आला नव्हता. तोडगा काढला. महेश्वरीने उजवीकडे बसायचं आणि समोरून काही येतंय का ते सांगायचं. आज ट्रेनिंग घेतलं. तिने दहा मिनिटं 'न्हाई, न्हाई, काहीच येईना' असं सांगितलं आणि भाकरी करपायलीय म्हणून उठून गेली. तिचं सहकार्य कमी पडतंय.

२८ डिसेंबर
पिस्टन मिळत नाही. सिद्धोधन म्हणतो, हैदराबादला बघायलोय. बघ म्हणालो.
दुपारी सरपंच राजेश्वरराव आले. पलंगावर आडवे होऊन बघितलं, खूश झाले. विचारलं, कधी निघायलाव? माझ्या तोंडातून गेलं, सव्वीस जानेवारी. ते म्हणाले, मंग झेंडा झाल्यावर शाळेतच सत्कार ठेवू. तिथेच नाही म्हणायला हवं होतं. पण घरी चालत आलेल्या शालीला नाही म्हणणं उद्धटपणा दिसतो. शिवाय महिना आहे हातात. महिन्यात माणूस काय करू शकत नाही?

१७ जानेवारी २०२५
फाट्यावर फ्लेक्स लागला. माझा फोटो, गाडीचा फोटो, 'भारतभ्रमणास हार्दिक शुभेच्छा'. मी भालकी सांगितलं होतं. आता छापून झालंय, उगाच कुणाला कशाला दुखवा.
इंजिन फेब्रुवारीत, असं सिद्धोधन म्हणतो.
महेश्वरी मागच्या खोलीत बहिणीशी बराच वेळ कानडीत बोलत होती. मला 'अक्का' एवढंच कळलं. बाहेर आल्यावर तिने माझ्याकडे पाहिलं आणि चुलीकडे गेली. भांडली असती तर मला उत्तर देता आलं असतं. उत्तर तयार होतं.

२५ जानेवारी, संध्याकाळी ६
योजना पक्की. गाडी ट्रॅक्टरने फाट्यापर्यंत न्यायची. पुढे इंजिन येईल तेव्हा येईल. कुणी विचारलंच तर सांगायचं, जर्मन गाडी पहिले तीन किलोमीटर ओढूनच न्यावी लागते. गाडीच्या कपाळावर विभूतीचे तीन पट्टे ओढले. फार सुंदर दिसतेय. महेश्वरीने एकच पिशवी भरली. कपाट अख्खं रिकामं असताना!

२६ जानेवारी, दुपारी ३, फाटा
शाल, श्रीफळ, हार, पाच भाषणं. बायकांनी ओवाळलं, चाकापुढे नारळ फोडला. सगळं गाव वेशीपर्यंत आलं. डोळ्यांत पाणी आलं माझ्या, खोटं कशाला लिहू. ट्रॅक्टरवाला दोर सोडून निघाला, तेव्हा डोक्यात प्रकाश पडला: आमच्याकडे ओवाळून, नारळ फोडून वेशीबाहेर काढलेला माणूस प्रवास केल्याशिवाय परत वेशीत येत नाही. बापजन्मी कुणी आलेला नाही. म्हणजे मला पुढे जाता येत नाही आणि मागेही.
हे महेश्वरीला समजावत होतो, तेवढ्यात उदगीरची एसटी आली, उदगीरहून पुढे भालकी. तिने हात केला. म्हणाली, मी जायलेय. तुमी या मागून, इंजन आलं की. थांब म्हणायला तोंड उघडलं, पण ती चढली होती. बसमागे धावणार होतो. गळ्यात हार होता, लोक बघत होते.

२७ जानेवारी
फोन नाही. दुपारी गावातले चौघे फाट्यावर चहाला आले. विचारलं, काका, भ्रमण कुठवर आलं? म्हणालो, मुक्कामाची चाचणी चालू आहे. पलंग उत्तम आहे. झोप आली नाही.

२९ जानेवारी
महेश्वरीचा फोन. भागम्माला आता काहीच दिसत नाही. संक्रांतीपर्यंत माणसं ओळखत होती. तिने महेश्वरीचा चेहरा हाताने चाचपला आणि विचारलं, केस पिकले का गं तुझे? महेश्वरी म्हणाली, मी सांगितलं, न्हाई अक्का, काळेच हायत. मग महेश्वरीने मला विचारलं, जेवलाव का?
सकाळपासून गाडीत बसून आहे. मनाला लागलंय.
संध्याकाळी सिद्धोधन येऊन गेला. हैदराबादला पिस्टन मिळाला म्हणे. म्हणालो, राहू दे.

३० जानेवारी, सकाळी ८
चहावाल्याला उदगीरच्या बसची वेळ विचारली. दुपारी दोन, रोज, असं म्हणाला. नोव्हेंबरातही होती का, म्हणून विचारलं. तो म्हणाला, हौ काका, रोज असती की. निम्मी रिकामीच जाती.